काहीच न घडलेल्या वर्षाचा इतिहासकार

ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमधल्या दुकानांतून इतिहासाचं एक पुस्तक एकाएकी परत मागवण्यात आलं. विषय होता मिंग घराण्याचा शेवटचा सम्राट छोंगचन, ज्याने १६४४ मध्ये राजधानी पडताना राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. कारण दिलं गेलं ‘छपाईतली अडचण’. वाचकांची नजर मात्र मुखपृष्ठावरच्या ओळीवर होती. सम्राट कष्टाळू होता, पण चाली चुकत गेल्या आणि जितकी मेहनत जास्त तितकं राज्य लवकर बुडालं, असा तिचा मथितार्थ. आजच्या चीनमध्ये ही ओळ कोणाला उद्देशून वाचली जाणार, हे वेगळं सांगायला नको.

त्याआधी २०१७ मध्ये चिनी टीव्हीवर भ्रष्टाचारविरोधी मालिका गाजली. तिच्यातला एक बडा पक्षनेता, जो पुढे स्वतःच भ्रष्ट निघतो, मिंग काळावरच्या एका पुस्तकाचा भक्त दाखवलाय. मालिका सुरू असताना त्या पुस्तकाचा खप पुन्हा उसळला. पुस्तक तोवर ३५ वर्षं जुनं होतं.

चारशे वर्षांपूर्वी मोडलेल्या राज्याच्या कारभारात सामान्य चिनी वाचकाला एवढा रस का, याचं निम्मं उत्तर त्या पुस्तकात आहे. चिनी नाव ‘वानलीचं पंधरावं वर्ष’ (वानली हा मिंग सम्राट), इंग्रजी नाव ‘१५८७, अ इयर ऑफ नो सिग्निफिकन्स’. लेखक ह्वांग रनयू. अमेरिकेत त्यांना रे ह्वांग म्हणत. हे पुस्तक छापून येण्याआधीच त्यांच्या विद्यापीठाने त्यांना नारळ दिला होता.

आधी सैनिक, मग हमाल, मग इतिहासकार

ह्वांग यांचा जन्म १९१८ चा, हुनान प्रांतातल्या चांगशाचा. १९३६ मध्ये ते थ्येनचिनच्या नानकाय विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकायला गेले. पुढच्याच वर्षी जपानने चीनवर हल्ला केला आणि शिक्षण तिथेच थांबलं. चांगशाला परतून त्यांनी एका युद्धकालीन दैनिकात काम केलं. ते दैनिक काढणारे नाटककार थिएन हान. चीनच्या आजच्या राष्ट्रगीताचे शब्द त्यांचेच. तिथले संपादक ल्याव मोशा. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

मग लष्करी अकादमी, १९४० मध्ये पदवी आणि युन्नानच्या डोंगरात एका प्लाटूनचं नेतृत्व. सैनिक अर्धपोटी, मलेरियाने खंगलेले, पायात धड जोडे नाहीत. १९४३ मध्ये ह्वांग यांची रवानगी भारतात झाली. काँग्रेसच्या १९४० च्या अधिवेशनामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या रामगडला अमेरिकी अधिकारी चिनी फौजेला नव्याने प्रशिक्षण देत होते. त्या छावणीत आधी इटालियन युद्धकैदी ठेवलेले असत. इथे धान्य, गणवेश, बंदुका, औषधं, सगळं वेळेवर आणि मोजून मिळायचं. माणसं तीच, देश तोच, फक्त पुरवठ्याची साखळी निराळी. ह्वांग यांच्या पुढच्या सगळ्या लेखनाचं बी इथे पडलं असं माझं मत आहे. मे १९४४ मध्ये उत्तर ब्रह्मदेशात मिच्चिन्याला त्यांच्या मांडीत जपानी गोळी लागली.

युद्धानंतर ते अमेरिकेत कॅन्ससच्या स्टाफ कॉलेजला शिकून आले, काही काळ तोक्योच्या चिनी लष्करी मंडळात राहिले आणि १९५० मध्ये लष्करातून बाहेर पडले. आता मायभूमीवर कम्युनिस्टांचं राज्य होतं आणि हे त्यांच्याकडून हरलेल्या च्यांग कायशेकच्या फौजेतले. १९५२ मध्ये चौतिसाव्या वर्षी ते मिशिगन विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी झाले. पोटासाठी लिफ्ट चालवली, भांडी घासली, गोदामात ओझी उचलली. आधी पत्रकारितेची पदवी, मग इतिहास. १९६४ मध्ये पीएचडी मिळाली तेव्हा वय ४६. समितीवरचे यू यिंगश हे पुढे जगभर नावाजलेले इतिहासकार त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होते.

प्रबंधाचा विषयही असाच, कोणाला फारसा न रुचणारा: दक्षिणेतून पेइचिंगला जाणाऱ्या ग्रँड कॅनॉल या कालव्यावरची मिंग काळातली धान्यवाहतूक. राजे, लढाया, प्रेमप्रकरणं यांतलं काही नाही. नावा किती, पोती किती, वाटेत गळती किती.

१९६८ पासून न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाच्या न्यू पाल्ट्झ शाखेत ते शिकवू लागले. मधे एक वर्ष केंब्रिजला जाऊन चिनी विज्ञानाच्या इतिहासाचे खंड लिहिणाऱ्या जोसेफ नीडम यांच्यासोबत काम केलं. १९७४ मध्ये सोळाव्या शतकातल्या मिंग करव्यवस्थेवरचा ग्रंथ केंब्रिजने छापला. त्यासाठी मिंग दरबाराची दैनंदिन नोंदवही त्यांनी मुळापासून वाचली. तैवानला छापलेली आवृत्ती १३३ खंडांची; वाचायला अडीच वर्षं गेली.

मिंग राज्याचा हिशेब कसा चालायचा

हा भाग जरा रुक्ष आहे, पण तो कळला की बाकीचं सोपं. दोन मापं फक्त सांगून ठेवतो. ‘शि’ हे धान्याचं माप, साधारण शंभर लिटरहून थोडं जास्त. ‘ताएल’ हे चांदीचं वजन, सुमारे ३७ ग्रॅम.

मिंग घराणं स्थापन झालं १३६८ मध्ये. संस्थापक सम्राट गरीब शेतकऱ्याच्या घरातला, दुष्काळात अनाथ झालेला. व्यापारी आणि कारकून या दोन्ही वर्गांवर त्याचा विश्वास नव्हता. त्याने ठरवलं की कर कमी ठेवायचा आणि तो गोळा करायला पगारी माणसंच नेमायची नाहीत. ११० घरांचा एक गट केला. त्यातली दहा बरी घरं आळीपाळीने एकेक वर्ष वसुलीची जबाबदारी घेणार. धान्य गोळा करणार, मोजणार आणि सांगितलेल्या ठिकाणी स्वखर्चाने पोचवणार.

साऱ्या साम्राज्याच्या जमीनकराचा आकडा जवळपास गोठवून टाकलेला होता. १५७८ च्या नोंदीत तो २ कोटी ६६ लाख शि आहे. लोकसंख्या वाढली, नवी जमीन लागवडीखाली आली, व्यापार फोफावला, परदेशातून चांदीचा ओघ सुरू झाला. हा आकडा मात्र शतकानुशतकं थोडाफार इकडेतिकडे.

आता खरी गोम. हा कर एका मध्यवर्ती खजिन्यात जमाच होत नसे. कोणत्या तालुक्याने किती धान्य कुठल्या छावणीला, किती चांदी कुठल्या कचेरीला, किती कापड कुठल्या कोठाराला द्यायचं, हे जागच्या जागी बांधून दिलेलं. १५९२ मध्ये राजधानीतल्याच वानफिंग तालुक्याच्या दंडाधिकाऱ्याने नोंदवून ठेवलंय की त्याला २७ वेगवेगळ्या कार्यालयांना भरणा करावा लागतो, आणि सगळ्याची बेरीज दोन हजार ताएलसुद्धा होत नाही. राजधानीतल्या तालुक्याची ही तऱ्हा. हजारो मैलांवरच्या सीमेवरच्या ठाण्याला पन्नास ठिकाणांहून तुकड्या-तुकड्यांनी येणाऱ्या पुरवठ्याची कल्पना करा.

बिघाड कुठे होतो? समजा एका तालुक्यात पूर आला. त्या तालुक्याचं धान्य ज्या ठाण्याला जायचं ते ठाणं उपाशी. शेजारच्या तालुक्यात मुबलक पिकलंय, पण त्याचं धान्य दुसरीकडे बांधलेलं. अर्थखातं आकडे लिहून घेतं, तूट आहे हेही जाणतं, पण उचलून द्यायला त्याच्या हातात पुरेसा साठा नाही. आणि हिशेब तालुक्या-तालुक्यात विखुरलेला असल्याने यंदा राज्याकडे एकूण किती आहे आणि किती खर्चायचं, हे नेमकं सांगणारा माणूस साऱ्या साम्राज्यात कोणी नाही.

याला मोठा अपवाद होता ग्रँड कॅनॉलचा. दक्षिणेतून पेइचिंगला दरवर्षी ४० लाख शि धान्य जायचं. १४७२ मध्ये हा आकडा ठरला. त्यासाठी सुमारे बारा हजार नावा आणि एक लाख वीस हजारांच्या आसपास सैनिक राबत. पण तिथेही नावा बांधायचा, सैनिकांना पोसायचा खर्च पुन्हा ठिकठिकाणच्या ठाण्यांवर ढकललेला.

सोळाव्या शतकात सुधारणा झाल्या. कर आणि वेठबिगार एकत्र करून त्याची चांदीत आकारणी सुरू झाली. मुख्य मंत्री चांग च्यूचंगने १५८१ च्या सुमारास ती देशभर रेटली. सोय झाली खरी, पण सरकारने चांदीचं नाणं कधी पाडलंच नाही. शेतकरी चांदीचे तुकडे आणणार, तालुका ते वितळवून लगडी करणार, वितळवताना ‘घट’ येते म्हणून वर थोडं जास्त घेणार. ही घट किती धरायची ते तालुक्याने ठरवायचं. आणि कुठून कुठे भरणा करायचा याचं जुनं जाळं होतं तसंच राहिलं.

दोन महिन्यांचा पगार

‘१५८७’ची सुरुवात एका अफवेने होते. त्या वर्षी २ मार्चला पेइचिंगच्या अधिकाऱ्यांमध्ये बातमी पसरली की सम्राट दुपारचा दरबार भरवणार आहेत. झाडून सगळे राजवाड्याकडे धावले. सम्राटाने कोणालाच बोलावलं नव्हतं. चौकशी झाली, अफवा कोणी उठवली ते कळलं नाही, आणि शिक्षा म्हणून राजधानीतल्या अधिकाऱ्यांचा दोन महिन्यांचा पगार कापण्यात आला.

दुसरा कोणी इतिहासकार असता तर दरबारी गंमत म्हणून पुढे गेला असता. ह्वांग इथे थांबतात आणि विचारतात, हा दंड नेमका किती? खात्याच्या मंत्र्याचा वर्षाचा पगार १५२ ताएल. म्हणजे दोन महिन्यांचे साधारण २५. मंत्र्याच्या घरातल्या नोकरचाकरांचं, पालखीचं, आदरातिथ्याचं या पगारात काहीच भागत नसे. प्रांतातून येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या ‘भेटी’वर घर चाले, आणि अशी एखादी भेट वर्षाच्या पगाराच्या दहापट असू शके. त्यामुळे वरच्यांना हा दंड म्हणजे किरकोळ. खालच्या कारकुनाचं मात्र कंबरडं मोडलं. कागदावर सगळ्यांना सारखीच शिक्षा झाली होती.

पुस्तकाची सगळी पद्धत या एका प्रसंगात दिसते. कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा यांच्यात दरी आहे. ती सगळ्यांना माहीत आहे, पण ती मोजायचं साधन कोणाकडे नाही. मग तिच्यावर नीतीचं पांघरूण घातलं जातं. अमुक अधिकारी सद्‌गुणी, तमुक दुर्गुणी, अशी भाषा सुरू होते. कायदा आणि हिशेब यांची जागा नीतिमत्तेने घेतली, हा ह्वांग यांचा मुख्य आरोप.

सात प्रकरणांत ते त्या काळातली माणसं एकेक करून समोर आणतात. विशीतला सम्राट वानली, ज्याला धाकट्या राणीचा मुलगा वारस हवा होता. अधिकाऱ्यांनी परंपरेचा दाखला देऊन ते होऊ दिलं नाही, तेव्हा तो रुसला आणि पुढे वर्षानुवर्षं दरबाराला आलाच नाही. मरण पावलेला चांग च्यूचंग, ज्याची मालमत्ता मृत्यूनंतर जप्त झाली. पुढे त्या पदावर आलेला, सगळ्यांशी जुळवून घेणारा शन शशिंग. विचारवंत ली जी, ज्याने पुढे तुरुंगात स्वतःचा गळा चिरला. सगळे आपापल्या परीने हुशार, आणि सगळे अपयशी. माझ्या मते दोन प्रकरणं सर्वांत कसदार आहेत: सेनापतीचं आणि प्रामाणिक अधिकाऱ्याचं.

बारा जणांची तुकडी

छी चीक्वांगने किनाऱ्यावर धुमाकूळ घालणाऱ्या चाच्यांचा बंदोबस्त केला. सरकारी फौज निकामी होती, म्हणून चच्यांग प्रांतातल्या यीवूच्या शेतकऱ्यांतून आणि खाणकामगारांतून त्याने १५५९ मध्ये तीन हजारांची नवी फौज उभी केली. त्याची बारा जणांची तुकडी चिनी लष्करी इतिहासात प्रसिद्ध आहे. रचना अशी: पुढे नायक, त्याच्या मागे दोन ढालकरी, मग फांद्या न छाटलेला लांब बांबू घेतलेले दोघे, मग लांब भाले घेतलेले चौघे, मग त्रिशूळासारखं हत्यार घेतलेले दोघे, आणि बारावा आचारी, जो ओझंही वाहतो. बांबूवाले फांद्यांच्या झुडपाने शत्रूची तलवार अडवणार, ढालकरी त्यांना आडोसा देणार, भालेवाले भोसकणार. नायक पडला आणि तुकडीने त्या बदल्यात शत्रूचा एकही मारला नाही, तर उरलेल्यांना मृत्युदंड.

शाळेच्या पुस्तकात हे चतुर युद्धतंत्र म्हणून येतं. ह्वांग विचारतात, ज्या देशाने बारूद शोधली त्याचा सर्वोत्तम सेनापती सोळाव्या शतकात बांबूने का लढतोय? बंदुका नव्हत्या का? होत्या. पण त्या वेगवेगळ्या तालुक्यांतून, तिथल्या तिथे बनवून कराच्या रूपात यायच्या. दर्जा एकसारखा नाही, तपासणारं खातं नाही. नळी फुटायची इतकी भीती की सैनिक दोन्ही हातांनी बंदूक धरून नेम धरायलाही कचरत. बांबू मात्र कुठल्याही खेड्यात मिळतो आणि फुटत नाही. सेनापतीने आपलं डोकं पुरवठ्याच्या दुबळेपणाला जुळवून घेण्यात खर्ची घातलं. युन्नानमधले अनवाणी सैनिक आणि रामगडची भरलेली कोठारं स्वतः पाहिलेल्या माणसाने हे लिहिलंय, हे वाचताना विसरता येत नाही.

प्रामाणिक माणसाचं काय चुकलं

हाय रुई म्हणजे चिनी लोककथेतला निष्कलंक अधिकारी. आईच्या वाढदिवसाला त्याने दोन शेर मांस विकत घेतलं तर ती प्रांतभर बातमी झाली, इतका काटकसरी. सम्राटाच्या तोंडावर त्याच्या चुका सांगणारं पत्र लिहिलं आणि आधी स्वतःची शवपेटी खरेदी करून ठेवली. १५८७ मध्ये तो वारला तेव्हा अंत्यविधीपुरतेही पैसे मागे नव्हते.

१५६९ मध्ये त्याला सूचौ भागाचा प्रमुख नेमलं गेलं. तिथे सावकारांनी शेतकऱ्यांच्या गहाण जमिनी गिळल्या होत्या. हाय रुईने त्या परत करायचे हुकूम काढले. हजारो अर्ज येऊन पडले. पण प्रत्येक गहाणखताचा कागद वेगळा, व्याज वेगळं, मुदत वेगळी. बरेच व्यवहार तोंडीच. तपासायला प्रशिक्षित कारकून नाहीत, कर्जाच्या व्यवहाराचा कायदा नाही, शेतकऱ्याला स्वस्त कर्ज देणारी दुसरी संस्था नाही. एकटा प्रामाणिक माणूस हे सगळं स्वतःच्या विवेकबुद्धीने सोडवायला निघाला. काही महिन्यांत त्याच्याविरुद्ध तक्रारी झाल्या आणि त्याला हटवलं गेलं. ह्वांग म्हणतात, त्याची सचोटी खरी होती, फक्त ती लाखो व्यवहारांना लागू करता येत नव्हती.

हे प्रकरण १९८२ च्या चिनी वाचकाने कसं वाचलं असेल? इतिहासकार वू हान यांनी हाय रुईच्या बडतर्फीवर १९६१ मध्ये नाटक लिहिलं होतं. नोव्हेंबर १९६५ मध्ये त्यावर झालेल्या जहरी टीकेपासून सांस्कृतिक क्रांतीची, म्हणजे माओच्या विरोधकांविरुद्धच्या मोहिमेची, ठिणगी पडली. वू हान १९६९ मध्ये कैदेत मेले. थिएन हान १९६८ मध्ये कैदेतच मेले. वू हान यांच्यासोबत स्तंभ लिहिणारे ल्याव मोशा कसेबसे वाचले. आणि ‘वानलीचं पंधरावं वर्ष’च्या पहिल्या चिनी आवृत्तीवरची शीर्षकाची अक्षरं याच ल्याव मोशांच्या कुंचल्यातली आहेत. चांगशाच्या दैनिकातले दोन सहकारी ४४ वर्षांनी असे एका मुखपृष्ठावर आले.

लांबट सँडविच

या सगळ्यातून ह्वांग यांनी जो सिद्धांत काढला त्याला ते ‘मोठ्या पल्ल्याचा इतिहास’ म्हणत. त्यातली कळीची कल्पना म्हणजे ‘आकड्यांवर चालणारा कारभार’: राज्यातली जमीन, कर्ज, पगार, पुरवठा या सगळ्या गोष्टी एकाच मापात मोजता येतात, एकमेकींशी बदलता येतात आणि त्यांचे तंटे कायद्याने सोडवता येतात, अशी व्यवस्था.

जुना चीन तसा का नव्हता, हे सांगायला ते अमेरिकेत मिळणाऱ्या लांबट पावाच्या सँडविचचं उदाहरण देत. वरचा पाव म्हणजे नोकरशाही, आडवी-उभी पसरलेली. खालचा पाव म्हणजे कोट्यवधी शेतकरी, तेही तसेच एकसारखे. मधे जे सारण हवं, म्हणजे बँका, न्यायालयं, विमा, मालमत्तेचे हक्क, हिशेबनीस, ते जवळपास नाहीच. मधे फक्त नीतीचे उपदेश. त्यामुळे वरचा हुकूम खाली पोचता पोचता बदलतो आणि खालची खरी माहिती वर पोचतच नाही.

चीनच असा का झाला? ह्वांग भूगोलाकडे बोट दाखवतात. पिवळी नदी प्रचंड गाळ आणते, बांध फोडते, आणि तिचा बंदोबस्त एकेका छोट्या राज्याच्या आवाक्यात नाही. मोसमी पावसाचा भरवसा नाही. वर्षाला १५ इंच पावसाच्या रेषेपलीकडे भटक्या टोळ्या. या तीन कारणांनी चीन फार लवकर एकवटला. एवढ्या मोठ्या देशाला बारीकसारीक मोजायचं तंत्र हाताशी येण्याच्या कितीतरी आधी. मला हा युक्तिवाद आकर्षक वाटतो आणि जरा जास्तच नीटनेटकाही.

पण कर जास्त होता म्हणूनच राज्य बुडालं ना?

सर्वसाधारण समज हाच आहे, आणि ह्वांग यांचं सर्वांत भक्कम संशोधन नेमकं इथेच आहे. बहुतेक ठिकाणी जमीनकर उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी होता. तो कमी होता हीच अडचण होती. कमी कराचा फायदा जमीनदाराने खाल्ला. राज्याकडे ना पगाराला पैसे, ना कालव्याच्या दुरुस्तीला. मग अधिकाऱ्यांनी बेकायदा उपकर लावले, आणि ते कुठल्याच वहीत नसल्याने त्यांना मर्यादा उरली नाही. १६१८ नंतर मांचूंशी युद्धासाठी जादा कर लादले, तेही सरसकट, कोणाची ऐपत किती ते न मोजता. १६२९ मध्ये काटकसर म्हणून टपालाच्या चौक्या कमी केल्या. नोकरी गेलेल्या चौकीवाल्यांतला ली त्सचंग पुढे बंडखोरांचा म्होरक्या झाला आणि १६४४ मध्ये पेइचिंगमध्ये शिरला.

हा पाश्चात्त्य चष्मा नव्हे का?

ही टीका रास्त आहे. ह्वांग यांच्या तुलनेत व्हेनिस, हॉलंड आणि १६८९ नंतरचा इंग्लंड हे यशस्वी विद्यार्थी, आणि चीन नापास. इतरांनी केलेल्या संशोधनातून सोळाव्या शतकातला चीन बराच चैतन्यशील दिसतो: रेशीम, कापूस आणि पुस्तकांचे मोठे बाजार, जपानमधून आणि स्पॅनिश अमेरिकेतून येणारी चांदी, करारपत्रांची रूढ पद्धत. सरकारच्या कागदांतून समाजाकडे बघितलं की सरकारचं अपयश समाजाचं अपयश वाटू लागतं, हा धोका ह्वांग यांना टाळता आला नाही. हार्वर्डचे जॉन किंग फेअरबँक यांच्याशी त्यांचं पटलं नाही तेही पद्धतीवरून. फेअरबँक यांना एक छोटा विषय खोल खणलेला हवा होता, आणि ह्वांग यांना सगळा पट एकदम हवा होता. दोघांपैकी इतिहासकार म्हणून जास्त सावध कोण, याचं उत्तर फेअरबँक. सध्या चीनमध्ये जास्त वाचलं जातं ते ह्वांग यांना.

च्यांगचा सैनिक चीनमध्ये कसा खपला?

कारण त्यांनी कोणालाच खलनायक केलं नाही. च्यांगने नव्या राज्याची वरची चौकट उभारली, माओच्या जमीनवाटपाने खालची चौकट बदलली, आणि माओनंतरचे नेते दंग श्यावफिंग यांच्या सुधारणा मधलं सारण भरताहेत, असं त्यांचं गणित. पेइचिंग आणि तैपेई दोन्हीकडे हे पचण्याजोगं होतं. पण याची किंमत मोठी आहे. माओच्या काळातल्या दुष्काळात आणि मोहिमांत मेलेली कोट्यवधी माणसं या मांडणीत एका टप्प्याचा खर्च होऊन बसतात. ह्वांग नीतीच्या भाषेला इतके वैतागले होते की जिथे ती हवीच होती तिथेही त्यांनी ती टाळली. हा त्यांचा सर्वांत मोठा दोष.

एवढं चांगलं होतं तर नोकरी का गेली?

‘१५८७’ १९७६ मध्ये लिहून झालं. व्यावसायिक प्रकाशक म्हणाले, फार विद्वत्तेचं आहे. विद्यापीठांची प्रकाशनं म्हणाली, पुरेसं विद्वत्तेचं नाही. प्रबंधासारखं दिसत नाही, कथेसारखं वाचता येतं. पाच वर्षं हस्तलिखित फिरत राहिलं. मधल्या काळात न्यूयॉर्क राज्याने विद्यापीठांना कात्री लावली, चीनच्या इतिहासाच्या वर्गात विद्यार्थी कमी होते, आणि १९७९ मध्ये ह्वांग यांना पत्र आलं की ऑगस्ट १९८० पासून त्यांचं पद रद्द. वय ६२. आयुष्यभर आकड्यांच्या कारभाराची बाजू मांडणाऱ्या माणसाला विद्यार्थीसंख्येच्या तक्त्याने घरी बसवलं. १९८१ मध्ये येल विद्यापीठाने पुस्तक काढलं आणि कादंबरीकार जॉन अपडाइक यांनी ‘द न्यू यॉर्कर’मध्ये त्याची दखल घेतली. पुढच्या वर्षी पेइचिंगच्या चोंगह्वा प्रकाशनाने ह्वांग यांनी स्वतः केलेली चिनी आवृत्ती छापली. त्यानंतर २००० च्या जानेवारीत मृत्यू येईपर्यंत वीस वर्षं ते नोकरीविना, मुख्यतः चिनी वाचकांसाठी लिहीत राहिले. आत्मचरित्र चिनीत निघालं ते २००१ मध्ये.

वाचायचं ठरवलंत तर

‘१५८७’ पहिल्या पानापासून वाचू नका. नावांच्या गर्दीत हरवाल. सहावं प्रकरण, सेनापतीचं, आधी घ्या. मग पाचवं, हाय रुईचं. नंतर पहिल्याकडे या. इंग्रजी आवृत्तीत चिनी नावांचं स्पेलिंग जुन्या पद्धतीचं आहे, त्यामुळे इंटरनेटवर तसंच टाकून शोधलं तर बऱ्याचदा फारसं सापडत नाही. सुरुवातीलाच पाच-सहा मुख्य माणसांची नावं दोन्ही पद्धतींनी एका कागदावर लिहून घ्या.

करव्यवस्थेवरचा १९७४ चा ग्रंथ हाती आला तर एक खबरदारी घ्या. तक्त्यांतले शि एकमेकांत मिळवून बेरीज करू नका. १४३६ पासून दक्षिणेतला काही धान्यकर चांदीत घ्यायला लागले, तेव्हा एका शिला पाव ताएल असा दर ठरला. इतर ठिकाणी आणि इतर कारणांसाठी तोच शि एक ताएल किंवा त्याहून जास्त भावाने मोजला जायचा. म्हणजे कागदावर दोन तालुक्यांचा कर सारखा दिसतो तिथे प्रत्यक्षात एक दुसऱ्याच्या चौपट भरत असू शकतो. दर कुठला लावलाय ते आधी शोधा, मग आकडा वाचा.